कायदा आणि कुटुंब : ‘कबूल करा आणि मोकळे व्हा’ म्हणतात तेव्हा

एरवी तुमची पत्रं येतात ती पोटगीची, वारसाहक्काची, घरमालकाच्या कटकटींची. या आठवड्यात मात्र तीन पत्रं अशी निघाली की ती बाजूला ठेवून दुसरं काही लिहिणं मला जमेना. तिन्ही फौजदारी कोर्टातली आणि तिन्हींत प्रश्न एकच : गुन्हा कबूल करून तडजोड करावी का?

पहिलं पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनीचं. त्या लिहितात :

‘माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. डिप्लोमा झालाय, नोकरीसाठी अर्ज चालू आहेत. मागच्या वर्षी स्कूटरवरून घरी येताना वळणावर त्याने एका सायकलवाल्या गृहस्थांना धडक दिली. त्यांचा पाय मोडला. घाईत होतो, चूक माझीच, असं मुलगा स्वतः म्हणतो. केस उभी राहिली आहे. आता आमच्या यजमानांचं म्हणणं, वकिलांनी सांगितलंय की प्ली बार्गेनिंग करू, थोडक्यात मिटेल. पण मुलाच्या नोकरीवर डाग लागेल का? घरात विचारलं तर “तुला कोर्टातलं काय कळतंय” असं उत्तर मिळतं.’

दुसरं पत्र अकोल्याकडचं. अक्षर लहान मुलीचं आहे. आईने सांगितलं नि मुलीने लिहिलं असावं.

‘माझ्या मिस्टरांवर बाजारातून मोटारसायकल चोरल्याचा आळ आहे. साडेपाच महिने ते आत आहेत. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळत नाही. मी चोरी केलेली नाही असं ते देवाशपथ सांगतात. पण आत कुणी तरी सांगितलं, की कबूल केलंस तर सहा महिन्यांची सजा होईल, तेवढी तू भोगलीच आहेस, पुढच्या महिन्यात घरी जाशील. त्यांचं मन तिकडे वळलंय. मी काय सांगू? घरात दोन लेकरं आहेत.’

तिसरं पत्र ठाण्याचं, चारच ओळींचं. नवरा नि सासरच्यांनी छळलं म्हणून या बाईंनी फिर्याद दिली. आता सासरकडून निरोप येतोय : ‘आम्ही कोर्टात प्ली बार्गेनिंग करतो, तू फक्त सही कर.’

तिन्ही पत्रांना मी उत्तर देणार आहे. पण आधी ही भानगड काय आहे ती समजून घेऊ. कारण शब्द एकच वापरला तरी तिघींच्या घरची गोष्ट तीन तऱ्हेची आहे.

तीन वाटा, तीन निकाल

आरोपीने ‘लढत नाही’ म्हटलं तर त्याच्यापुढे तीन वेगवेगळ्या वाटा असतात. बोलताना आपण सगळ्यांना ‘मिटवलं’ म्हणतो, तिथेच घोटाळा होतो.

पहिली वाट सरळ कबुलीची. न्यायाधीशांनी दोषारोप वाचून दाखवला, की ‘मान्य आहे’ म्हणायचं. मग शिक्षा किती द्यायची हे सर्वस्वी न्यायाधीशांच्या हाती. इथे कसलीच घासाघीस नाही.

दुसरी वाट आपसातल्या तडजोडीची. काही गुन्हे कायद्यानेच मिटवण्याजोगे ठरवले आहेत. ज्याला इजा झाली त्याने संमती दिली, की ते कलम मिटतं. आणि मुख्य म्हणजे तो निकाल निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. शेजाऱ्यांची मारामारी पुष्कळदा अशी मिटते.

तिसरी वाट म्हणजे हे प्ली बार्गेनिंग. मराठीत आपण याला कबुलीची तडजोड म्हणू. आरोपी गुन्हा मान्य करायला तयार होतो, ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई देतो आणि त्या बदल्यात शिक्षा कमी होते. पण शिक्षा कमी झाली तरी माणूस दोषी ठरतो. हे वाक्य दोनदा वाचा. डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवलंत तरी चालेल. ‘मिटलं’ आणि ‘दोषी ठरून सुटला’ यांत फरक आहे आणि तो पुढे नोकरीच्या फॉर्मवर दिसतो.

ही सोय आली कुठून?

आपल्याकडे ही पद्धत पूर्वी नव्हती. उलट सुप्रीम कोर्टाचा तिला विरोधच होता. १९७६ साली महाराष्ट्रातल्या एका खाद्यतेलाच्या भेसळीच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असल्या सौद्यावर कडक टीका केली होती. भेसळ करणाऱ्या व्यापाऱ्याने कबुली द्यायची, थोडक्यात सुटायचं, आणि त्या तेलात तळलेलं खाणाऱ्या लोकांना विचारायचंच नाही, हा कुठला न्याय? पुढे १९८० मध्ये गुजरातच्या एका खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी दुसरी भीती बोलून दाखवली : खटल्याच्या फेऱ्यांना कंटाळून निर्दोष माणूससुद्धा ‘मी केलं’ म्हणून मोकळा होईल. अकोल्याचं पत्र वाचताना मला त्या निकालाची फार आठवण झाली.

पण खटले साठत गेले. कच्च्या कैद्यांनी तुरुंग भरले. विधी आयोगाने ही पद्धत आणावी अशी शिफारस केली, २००५ च्या दुरुस्तीने ती फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि ५ जुलै २००६ पासून अमलात आली. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या तेविसाव्या प्रकरणात, कलम २८९ ते ३०० मध्ये, हे नियम आहेत. ज्यांचा खटला १ जुलै २०२४ च्या आधीच कोर्टात उभा होता त्यांना जुने नियम लागू राहतात. शिक्षेतल्या सवलतीचं प्रमाण दोन्हीकडे सारखं नाही, तेव्हा तुमचा खटला कधीचा आहे हे वकिलांना पहिल्यांदा विचारा.

कुणाला चालते, कुणाला नाही?

ज्या गुन्ह्याला सात वर्षांपेक्षा जास्त कैद, जन्मठेप किंवा फाशी असू शकते, त्याला ही वाट बंद. गुन्हा स्त्रीविरुद्ध किंवा बालकाविरुद्ध असला, तरी बंद. देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे गुन्हेही वगळले आहेत. २००६ च्या सरकारी अधिसूचनेतल्या यादीत हुंडाबंदी कायदा, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराचा कायदा असे कायदे आहेत. त्याच गुन्ह्यासाठी आरोपीला पूर्वी कोर्टाने दोषी ठरवलं असेल, तरीही अर्ज चालत नाही.

कोर्टात काय काय होतं?

आता थोडं बारकाईने सांगते. कारण घरचे पुरुष ‘वकील बघतील’ म्हणतात आणि आपण बाकावर डबा सांभाळत बसतो.

कोर्टाने दोषारोप ठेवला, म्हणजे ‘चार्ज फ्रेम’ झाला, की त्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत आरोपीने अर्ज करायचा. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं : मला या गुन्ह्याची शिक्षा किती आहे ते समजलं आहे, अर्ज मी स्वखुशीने करतो आहे आणि याच गुन्ह्यात मी पूर्वी दोषी ठरलेलो नाही.

मग सर्वांत महत्त्वाचा भाग येतो. न्यायाधीश आरोपीला बंद दाराआड स्वतः विचारतात. तिथे विरुद्ध पक्ष नसतो नि बघे नसतात. आईला आणि बायकोलाही बाहेर थांबावं लागतं. न्यायाधीशांना एकच बघायचं असतं : हा स्वतःच्या मनाने आला आहे, की कुणी ढकलून आणला आहे? ढकलून आणलाय असं वाटलं तर अर्ज तिथेच संपतो आणि खटला होता तिथून पुढे चालतो. म्हणून घरातून पढवून पाठवू नका. त्या खोलीत मुलाने खरं बोलावं, एवढंच त्याला सांगा.

न्यायाधीशांची खात्री पटली, की बोलणी करायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. पोलिसांच्या खटल्यात सरकारी वकील, तपास करणारा अधिकारी, आरोपी आणि ज्याचं नुकसान झालं तो, अशा सगळ्यांना कोर्ट बैठकीला बोलावतं. आरोपी आपला वकील नेऊ शकतो. औषधपाण्याचा, ऑपरेशनचा, बुडालेल्या मजुरीचा खर्च किती, भरपाई किती, कधी, हे इथे ठरतं. तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरच्याच माणसाला इजा झाली असेल, तर दवाखान्याची बिलं आणि औषधांच्या पावत्या एका फाइलीत लावून न्या. मागितलेलं कागदावर दाखवता आलं पाहिजे.

बोलणी जमली तर सगळ्यांच्या सह्यांचा अहवाल होतो. नाही जमली तर तशी नोंद होते आणि खटला पुढे चालतो. घाबरू नका, या अर्जात आरोपीने जे सांगितलं ते दुसऱ्या कशासाठीही त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, असं कायद्याने स्पष्ट म्हटलं आहे.

शिक्षेचं गणित

तडजोड झाल्यावर न्यायाधीशांनी आधी बघायचं असतं, की आरोपीला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, म्हणजे प्रोबेशनवर, सोडता येईल का. ते जमत नसेल तर पुढचं गणित. गुन्ह्याला कमीत कमी शिक्षा ठरवलेली असेल तर तिच्या निम्मी, आणि आरोपीचा हा पहिलाच गुन्हा असेल तर एक चतुर्थांश. कमीत कमी शिक्षा ठरवलेली नसेल, तर होऊ शकणाऱ्या शिक्षेच्या एक चतुर्थांश, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक षष्ठांश.

उदाहरणार्थ, तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा. तीन वर्षं म्हणजे छत्तीस महिने. एक चतुर्थांश नऊ महिने, एक षष्ठांश सहा महिने. खटला चालताना जितके दिवस आत काढले असतील ते यातून वजा होतात.

आणि एक गाठ इथे पक्की बसते. या निकालावर नेहमीचं अपील नाही. फक्त हायकोर्टात रिट अर्ज किंवा सुप्रीम कोर्टात खास परवानगीची याचिका, एवढ्याच दोन वाटा उरतात आणि दोन्ही अवघड नि खर्चाच्या. ‘आत्ता सही करू, मग बघू’ हे इथे चालत नाही.

आता पत्रांना उत्तरं.

सातारच्या भगिनीस

ताई, ‘तुला काय कळतंय’ म्हणणाऱ्यांना सांगा की तुम्ही विचारलेला प्रश्नच या खटल्यात सर्वांत महत्त्वाचा आहे.

दोषारोपपत्राची नक्कल मागून घ्या आणि त्यातली कलमं बघा. बहुधा दोन असतील. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे गाडी चालवण्याचं. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसरं कलम १२५. हाड मोडलं म्हणजे ती गंभीर दुखापत, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यातलं दुखापतीचं मोठं कलम जखमी गृहस्थांच्या संमतीने मिटवता येतं. तसं मिटलं तर त्या कलमापुरता तुमचा मुलगा निर्दोष सुटल्यासारखाच होतो. बेदरकारपणाचं कलम मात्र दोघांच्या संमतीने मिटत नाही. तेव्हा वकिलांना विचारायचं ते असं : दुखापतीचं कलम आधी मिटवून घेता येईल ना? मग उरलेल्या लहान कलमापुरता कबुलीच्या तडजोडीचा किंवा प्रोबेशनचा विचार करू. दोन्ही कलमांवर एकदम कबुली देण्याची घाई कशाला?

नोकरीचं म्हणाल तर डाग मुळीच लागत नाही असं मी खोटं सांगणार नाही. दोषी ठरल्याची नोंद राहते. मात्र १९५८ च्या प्रोबेशनच्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे : त्या कायद्याखाली सोडलेल्या माणसाला, दोषी ठरल्यामुळे एरवी जी अपात्रता चिकटते, ती चिकटत नाही. म्हणून ‘प्रोबेशन मागणार का?’ हा प्रश्न वकिलांना आवर्जून विचारा. आणि पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर खटल्याविषयी विचारलं असेल तर मुलाने खरं लिहावं. २०१६ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. खरं सांगितल्यावरही नोकरी द्यायची की नाही हा विचार मालक करू शकतो. पण लपवलेलं नंतर उघडकीला आलं, तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते.

आणखी एक, वकीलबाई म्हणून नाही, एक बाई म्हणून सांगते. चूक आपली आहे असं तुमचा मुलगा म्हणतो, हे फार मोलाचं आहे. त्या गृहस्थांचा पाय मोडला, किती दिवस कामावर गेले नसतील. वकिलांना विचारून, दडपण वाटणार नाही अशा रीतीने, त्यांच्या घरी जाऊन या. भरपाईची रक्कम मात्र हातोहात देऊ नका. कोर्टामार्फत द्या, पावती घ्या. अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात त्यांनी वेगळा दावा लावला असेल तर तेही वकिलांच्या कानावर घाला.

अकोल्याच्या भगिनीस

बाई, तुमच्या पत्राने मला झोप लागली नाही. पुढच्या महिन्यात माणूस घरी येईल, या आशेपुढे कुठलाही सल्ला फिका पडतो, हे मला कळतं. तरी नीट ऐका.

गणित त्यांना कुणी सांगितलं ते चुकीचं नाही. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पहिला गुन्हा असला तर एक षष्ठांश म्हणजे सहा महिने. पण सुटून आल्यावर ते ‘चोर’ म्हणूनच गावात राहतील. पुढे कधी असाच आळ आला आणि दुसऱ्यांदा दोषी ठरले, तर चोरीच्या कलमात किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे, आणि ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. अपीलही करता येणार नाही. जे केलंच नाही ते न्यायाधीशांसमोर ‘केलं’ म्हणायचं, आणि मग लेकरांनी शाळेत काय ऐकायचं?

मुळात तुमची अडचण कबुलीची नाहीच, जामीनदाराची आहे. आणि तिला उपाय आहे. जामीन मंजूर होऊनही कैदी सुटत नाही, तेव्हा काय करायचं याबद्दल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सूचना दिल्या आहेत. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. तुमच्या मिस्टरांना तर कित्येक महिने झाले!

तेव्हा उद्याच जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा. जामिनाच्या हुकुमाची नक्कल, रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर न्या. ‘जामीनदाराची अट कमी करून जातमुचलक्यावर सोडावं’ असा अर्ज करायचा आहे, असं सांगा. तुरुंगात असलेल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. प्रत्येक स्त्रीलाही मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. जाता येत नसेल तर १५१०० या नंबरावर फोन करा.

शिवाय नव्या कायद्यात असंही आहे, की पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने होऊ शकणाऱ्या शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला, तर त्याला कोर्टाने जातमुचलक्यावर सोडायचं असतं. तुमच्या बाबतीत ते एक वर्ष. तितकी वेळ येऊ नये, पण दार अगदीच बंद नाही हे त्यांना भेटीत सांगा.

मिस्टरांना माझा निरोप द्या : केलं असेल तर गोष्ट वेगळी, मग वकिलाशी मोकळेपणाने बोला. केलं नसेल तर घरी यायच्या ओढीने केलं म्हणू नका.

ठाण्याच्या भगिनीस

तुम्हाला उत्तर सर्वांत सोपं. सही करू नका. नवरा किंवा सासरच्यांनी छळ केल्याचा गुन्हा (पूर्वीचं ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) हा स्त्रीविरुद्धचा गुन्हा आहे. त्यात प्ली बार्गेनिंग होतच नाही. मग सासरचे सही कशावर मागताहेत? बहुधा दुसऱ्याच कसल्या कागदावर. तुम्हाला स्वतःला खरोखरच मिटवायचं असेल, पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा यांचं नीट ठरलं असेल, तर दोघांच्या संमतीने हायकोर्टात फिर्याद रद्द करून घेण्याची रीत आहे. पण ती तुमच्या वकिलामार्फत, तुमच्या मर्जीने. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टँपवर तर कधीच सही नको.

तारखेआधी विचारायचे सहा प्रश्न

कात्रण काढून पर्समध्ये ठेवा.

१. कलमं कोणती? प्रत्येकाची जास्तीत जास्त आणि कमीत कमी शिक्षा किती?

२. यातलं कुठलं कलम आपसात मिटू शकतं?

३. पुरावा किती पक्का आहे? खटला लढवला तर सुटण्याची आशा आहे का?

४. दोषारोप कधी ठेवला? तीस दिवस कधी संपतात?

५. भरपाई किती नि ती कुठून आणायची? (दागिना गहाण ठेवायचा असेल तर तो तुमचा आहे. आधी तुम्हाला विचारायला हवं.)

६. प्रोबेशन मागणार का? दोषी ठरल्याचा नोकरी-धंद्यावर काय परिणाम?

हे विचारल्यावर वकील रागावले तर रागावू देत. चांगला वकील रागावत नाही, बसवून सांगतो. आणि घरच्यांनी ‘तुला काय कळतंय’ म्हटलं तर हे पान पुढे करा.

पत्र पाठवताना मूळ कागद पाठवू नका, झेरॉक्स पाठवा. नाव छापलं जाणार नाही. अकोल्याच्या बाईंनी मात्र पुढे काय झालं ते मला जरूर कळवावं. मुलीच्याच अक्षरात आलं तरी चालेल.